परक्या चुलीवर भाजलेले बोंबील

बोंबील मी भाजले होते.

एवढंच वाक्य. नेपाळातल्या एका डोंगरी घरात, चुलीसमोर, सात-आठ माणसांच्या देखत ते बोलायचं होतं. तेव्हा बोललो असतो तर फार तर दोन दिवस मान खाली घालून चालावं लागलं असतं. मी बोललो नाही, आणि त्यामुळे एका माणसाची त्या घरातली जागा गेली. त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, खोऱ्याचंही नाही. ते घर शोधत कोणी जाऊ नये. माझंही नाव लिहीत नाही. ती मात्र जुनी सवय.

मी मूळचा वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरचा, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातला. वडील होडीवर जायचे, आय वसईच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. पाऊस संपला की घरासमोरच्या बांबूंवर बोंबील वाळत असायचे, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकवलेले. शाळेतून आलो की आय चुलीतले निखारे पुढे ओढायची आणि त्यावर दोन बोंबील टाकायची. त्यांची डोकी वळायची, कडा काळ्या व्हायच्या, मग ती हातावर आपटून राख झाडायची आणि भाकरीवर ठेवायची. त्याच्याइतकं चवीचं मी पुढे काही खाल्लं नाही.

पुढे मुंबईत एका विमा कंपनीत चिकटलो. माणिकपूरला फ्लॅट घेतला. पहिल्याच वर्षी एकदा डब्यात सुके बोंबील नेले होते. डबा उघडला, तशा शेजारच्या टेबलावरच्या बाई उठल्या आणि पंखा वाढवून आल्या. कोणी काही बोललं नाही. पण त्या दिवसानंतर तीस वर्षांत माझ्या डब्यात सुकी मासळी कधी गेली नाही. कुठले म्हणून विचारलं तर मी ‘वसईचा’ म्हणायचो. आणखी विचारलं तर ‘माणिकपूर, स्टेशनपासून जवळच’. यात खोटं काहीच नव्हतं.

पन्नाशीला डॉक्टरांनी चालायला सांगितलं. सकाळी मैदानावर चालताना आमचा सात जणांचा गट जमला. सगळे नोकरदार, फ्लॅटवाले. कोणी देशावरून आलेले, कोणी मुंबईतून. म्होरके होते एक निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही त्यांना सर म्हणायचो. सर शाकाहारी, शिस्तीचे, आणि बोलणं ऐकत राहावं असं. त्यांनीच नेपाळ काढलं. नुसतं डोंगर चढून यायचं नाही, तिथली माणसं, त्यांचे बौद्ध मठ, त्यांची राहणी बघायची, असं त्यांचं म्हणणं. सरावासाठी आम्ही तुंगारेश्वरचा डोंगर केला, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन जीवदानीच्या पायऱ्या चढलो. मी आयुष्यात कधी डोंगराकडे तोंड केलं नव्हतं. आमच्याकडे सगळं समुद्राकडे.

निघायच्या आठवडाभर आधी सरांच्या घरी बैठक झाली. त्यांनी कागद काढून एकेक नियम वाचला. दगडांच्या भिंतींवर मंत्र कोरलेले असतात, त्या उजव्या हाताला ठेवून जायचं. मठात विचारल्याशिवाय फोटो नाही. आणि चूल.

“त्यांच्या घरात चूल म्हणजे देवाची जागा,” सर म्हणाले. “चुलीत कचरा टाकायचा नाही. दूध उतू जाऊ द्यायचं नाही. मांस निखाऱ्यावर जळू द्यायचं नाही. ते लोक मांस खातात बरं का, पण शिजवून. जळक्या मांसाचा धूर वर गेला की डोंगरावरचे देव कोपतात, असं मानतात ते.”

मी ते डायरीत लिहून घेतलं. ती डायरी अजून आहे. माझ्याच अक्षरात.

आदल्या दिवशी पाचूबंदरला आयचा निरोप घ्यायला गेलो. तिने आठ बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळून, वर प्लास्टिक, वर रबर लावून दिले. “तिकडं तोंड मेला की हे भाजून खा,” म्हणाली. मी नको म्हणालो. तिने पिशवीत कोंबले. घरी येऊन मी ते पुडकं लोकरी मोज्यात घातलं आणि मोजा बॅगेच्या तळाशी. बायकोलाही सांगितलं नाही.

काठमांडूहून एक दिवस जीपने गेलो, तिथून पायवाट. आमचं ओझं वाहायला दोन माणसं होती. त्यातला एक पन्नाशीचा, बुटका, गुडघ्याला पट्टा बांधलेला; त्याला हिंदी येत होती म्हणून वाटाड्याही तोच. माझी बॅग त्याच्या पाठीवर होती. पहिल्याच चढावर त्याने विचारलं, “साब, कुठून?”

“मुंबई.”

“मुंबईत कुठे?”

“वसई.”

तो थांबला. ओझ्यासकट पूर्ण वळला. “वसई! मी तिथे जवळच तुळिंजला होतो, साब. सहा वर्षं. वॉचमन.” हे त्याने मराठीत सांगितलं, आणि मग हिंदीत, मराठीत, जसं येईल तसं बोलत सुटला. भाजी मार्केटच्या मागची बिल्डिंग, टँकरची वाट, सेक्रेटरीचा कुत्रा. रविवारी तो बसने समुद्रावर जायचा. “तिथे ते मासे सुकवतात ना. पहली बार तो मला उलटी झाली. नंतर आवडायला लागला वास. गावी आलो तर त्याचीच आठवण. बायको म्हणते, तेरा नाक खराब हो गया.”

सगळे हसले. सर माझ्या बाजूलाच चालत होते. मी म्हणालो, “हो, तिकडे गावांत असतं ते.”

तिकडे गावांत. माझ्या घरापुढचे बांबू.

चालताना त्याने आपली गोष्ट सांगितली. सहा वर्षं दुसऱ्यांच्या गेटवर बसून काढली, मग एक दिवस ठरवलं, बस, आता कोणाच्या दारात बसायचं नाही. गावी परतला, पण गावात त्याला काम नव्हतं. वरच्या खोऱ्यात एका बाईचं घर होतं, चार खोल्या प्रवाशांना देणारं. तिने त्याला आधी लाकडं आणायला ठेवलं, मग तिच्या शब्दावर त्याला ओझ्याची कामं मिळायला लागली. “सख्खी नाही, पण बहीणच,” तो म्हणायचा. “वर गेलो की चूल, चुलीच्या डाव्या हाताला माझी जागा. तिथे दुसरं कोणी बसत नाही.”

चौथ्या दिवशी त्या घरी पोचलो. बाई साठीच्या आसपास, रुंद चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या. सगळे त्यांना दिदी म्हणत. स्वयंपाकघर काळोखं आणि उबदार. मातीची चूल, भिंतीवर चकचकीत पितळी भांडी ओळीने. चुलीच्या डावीकडे खरंच एक घडी घातलेली घोंगडी होती. तो आत आला, काही न बोलता तिच्यावर बसला, आणि दिदींनी काही न बोलता त्याच्या हातात चहा दिला. मला पाचूबंदर आठवलं. समुद्रावरून आलेल्या वडिलांना आय अशीच काही न विचारता पेज द्यायची.

दुसऱ्या दिवशी मुक्काम तिथेच होता. सकाळी सगळे वरच्या मठात पूजा बघायला गेले. मी गेलो नाही. उंचीमुळे डोकं ठणकत होतं आणि तीन दिवस मला अन्न जात नव्हतं. डाळभाताचं ताट मी तसंच परत सरकवायचो. दिदी शेतातून बटाटे आणायला गेल्या. तो लाकडं आणायला गेला होता. घरात मी एकटा, समोर चूल, तीत लालभडक निखारे.

इथे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं, कारण पुढे अडीच वर्षं मी स्वतःला हेच वेगळं करून सांगत आलो. मला डायरीतली ओळ आठवली. आठवली, आणि मी तिच्याशी वाद घातला. आमच्यात ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, पण मासळी चालते. लहानपणापासून त्या शुक्रवारी आमच्या घरात हेच: मटण नाही, कोंबडी नाही, बोंबील आहे. मासळी म्हणजे मांस नव्हे, हे माझ्या अंगातच बसलेलं. सर म्हणाले मांस. हे मांस थोडंच आहे? असं मी मनात म्हटलं. पण मोज्यातून पुडकं काढताना मी दाराकडे दोनदा बघितलं. जे चालतं ते करताना कोणी दाराकडे बघत नाही.

चार बोंबील टाकले. डोकी वळली. तो वास त्या काळ्या खोलीत भरला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. सकाळचा थंड भात होता, त्याच्याबरोबर उभ्याउभ्याच खाल्ले. शेपटीचा एक तुकडा निखाऱ्यात पडला आणि चरचरून जळला. तो काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही. उरलेले चार परत मोज्यात.

खिडकी उघडत होतो, तेवढ्यात तो लाकडाची मोळी घेऊन आत आला.

दारातच थांबला. नाक वर केलं. माझ्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी ओळखीचं आलं, जवळजवळ हसूच. सहा वर्षांची ओळख होती त्या वासाशी. मग त्याने चुलीकडे बघितलं आणि ते हसू गेलं.

“साब, आप जाओ खोलीत,” तो म्हणाला. “झोपा.”

तेवढंच. मोळी खाली टाकून तो कोपऱ्यातली वाळलेली डहाळी घेऊन चुलीपाशी बसला. त्यांच्याकडे धुपासाठी जाळतात ती. तिच्या धुराने अशुद्ध झालेलं शुद्ध होतं. तो ती घाईघाईने निखाऱ्यांवर घालू लागला आणि हाताने धूर खोलीभर पसरवू लागला. मी खोलीत गेलो नाही. जेवणाच्या बाकावर जाऊन बसलो, पुस्तक उघडून. तिथून चूल दिसत होती.

दिदी आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते हे: जळक्या मासळीचा वास, आणि चुलीपुढे गुडघ्यावर बसून धूप घालणारा तो.

त्यांनी टोपली खाली ठेवली. त्यांच्या बोलीत काही विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. त्यांनी परत विचारलं. मला एक शब्द कळला, बंबई. बंबईला जाऊन हा काहीबाही खायला शिकला, असं काहीतरी त्या म्हणत असणार. आवाज चढला नव्हता, उलट उतरत गेला. तो खाली बघत होता. एकदाही माझ्याकडे वळला नाही. एकदा जरी वळला असता तरी मी बोललो असतो, असं मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात सर आणि बाकीचे मठातून आले. सरांनी नाकाला रुमाल लावला. “हे काय जाळलंय याने? कोळीवाड्यात आल्यासारखं वाटतंय.”

गट हसला. मीही हसलो.

हे सगळं लिहिताना मला सगळ्यात जड जातं ते हे दोन शब्द. गप्प बसलो ते एकवेळ भीतीने. हसलो कशाने?

त्या दिवशी जेवताना चुलीच्या डावीकडची घोंगडी तिथे नव्हती. तो बाहेर ओट्यावर बसून जेवला, कानटोपी खाली ओढून. दिदींनी ताट उंबऱ्यावर ठेवलं, त्याच्या हातात दिलं नाही. झोपायला तो लाकडांच्या खोपटात गेला. दुपारनंतर आभाळ भरून आलं होतं आणि गारा पडायला लागल्या. दिदी दारात उभ्या राहून गारांकडे आणि मग खोपटाकडे बघत राहिल्या.

आम्ही वर गेलो, बर्फ बघितलं, फोटो काढले, तीन दिवसांनी त्याच घरी परतलो. या तीन दिवसांत त्यांचं एक वासरू कड्यावरून घसरून मेलं होतं. गारांनी गवत निसरडं झालं होतं, दुसरं काय. पण त्या घरात ते तसं नव्हतं. दिदींनी आम्हाला चहा दिला, सगळं नीट केलं, आणि तो उंबऱ्याशी आला तेव्हा हात आडवा धरला. जोरात नाही. नुसता पडदा धरावा तसा हात. तो म्हणाला, ठीक आहे, आणि आमचं ओझं भिंतीशी ठेवून रात्र काढायला खालच्या वस्तीकडे चालू लागला.

माझ्या बॅगेत तेव्हा चार बोंबील होते. ती बॅग तोच वाहून आणत होता. त्याच्या पाठीवरच होते ते, तिन्ही दिवस.

तेव्हा तरी बोलायचं होतं. आता तर गट हसायच्या मनःस्थितीतही नव्हता. पण आता एक जनावर मेलं होतं, आणि बोलायचं ते जास्त महाग झालं होतं. गप्प बसलेल्या माणसाचं असंच होतं, दर दिवशी वाक्य तेच राहतं आणि जड होत जातं.

शेवटच्या दिवशी जीपपाशी त्याने सगळ्यांना हात जोडले. मला म्हणाला, “तुळिंजला आता रोज पाणी येतं का, साब?”

मी म्हणालो, “येतं बहुतेक.” मला माहीतही नव्हतं. त्या चार बोंबलांचं पुडकं मी काठमांडूच्या हॉटेलात कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

घरी आल्यावर आयने विचारलं, “बोंबील खाल्लेस?”

“खाल्ले.”

“बघ. नको नको करत व्हतास.” ती खूश झाली.

महिन्याभराने सरांनी माणिकपूरच्या एका हॉलमध्ये आमच्या सहलीवर बोलायचं ठरवलं. चाळीसेक लोक आले होते. लॅपटॉपवर फोटो पुढे सरकवायचं काम माझ्याकडे होतं. सर छान बोलले. नियमांपाशी आले तेव्हा म्हणाले, “आमच्याच एका हमालाने त्या घरच्या चुलीत काहीतरी मासळी जाळली. शहरात राहून आलेला माणूस. त्याच मुलखातल्या माणसाला स्वतःची संस्कृती जपता येत नाही, तर आपण बाहेरच्यांनी किती जपायला हवं.” मग माझ्याकडे बघून मान हलवली, पुढचा फोटो. मी बटण दाबलं. फोटोत तो होता, पाठीवर माझी बॅग, हसत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

त्यानंतरच्या उपवासकाळात मी पापनिवेदनाला गेलो. जाळीपलीकडे फादर होते. मी म्हणालो, “एकदा खरं बोलायचं टाळलं.”

“त्यात कोणाचं नुकसान झालं का?”

“थोडं झालं.”

त्यांनी तीन प्रार्थना सांगितल्या. त्या मी म्हटल्या. बाहेर आल्यावर हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाचीच मला शिसारी आली. थोडं झालं. तिथेही मी माप मारलं.

अडीच वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, रविवारी आयकडे गेलो होतो. ती आता ऐंशीची आहे, बाजारात बसत नाही, पण ओट्यावर सुपात बोंबील निवडत असते. म्हणाली, “यंदा डोंगरावर जातोस का? चांगले आहेत. देते.”

मी म्हणालो, “नको. मागच्या वेळचे...” आणि मग सगळं सांगितलं. ऑफिसातल्या त्या पंख्यापासून. ती निवडत होती, थांबली नाही. मी सांगून संपलो तेव्हा म्हणाली, “म्हंजे तिच्या चुलीवर माझे बोंबील तू भाजलेस, आनि नाव त्याचा सांगलास.”

“नाव नाही सांगितलं आय. गप्प बसलो.”

“तोच की.”

मग म्हणाली, “तुझ्या बापाच्या होडीवर तो पाहुना चप्पल घालून चढलेला, तुला आठवतं?”

आठवत होतं. होडीवर चप्पल घालून चढायचं नाही. कोणी सांगायची गरज नसते, आमच्याकडची लहान पोरंही चढताना चपला वाळूवर सोडतात. तो पाहुणा मुंबईचा होता, त्याला माहीत नव्हतं.

“बापानं काय केला? ओरडला नाय. विचारला, कोन चढला? तो बोलला, मी. मग त्याच्याच हातात बादली दिली. त्यानंच पानी मारून होडी धुतली. संध्याकाळी दोघं बसून जेवले.” तिने एक खराब बोंबील बाजूला टाकला. “ज्यानं केला त्यानं धुवायचा. तू तर बादली त्या गरिबाच्या हातात देऊन आलास.”

मी सुपातला एक बोंबील उचलला आणि परत ठेवला.

“आनि माझी लाज वाटली तुला,” ती म्हणाली. रागाने नाही. मासळीचा भाव सांगावा तशी. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिला कधीतरी खरं मिळायला हवं होतं.

आम्ही निघताना दिदींनी सगळ्यांना घराचं छापील कार्ड दिलं होतं. मी घरी येऊन त्यावरचा नंबर लावला. त्यांना मोडकी हिंदी येत होती. मी सांगितलं, मुंबईचा ग्रुप, अडीच वर्षांपूर्वी. मग त्याच्याबद्दल विचारलं. “वो नहीं आता,” त्या म्हणाल्या. “इधर कोई काम नहीं देता अब. बंबई गया वापस.” मग विचारलं, “क्यों?”

विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, “ऐसे ही,” आणि फोन ठेवला. यानंतर मला स्वतःबद्दल काही शंका उरली नाही.

तो परत कोणाच्या तरी गेटवर बसला होता. जिथून सुटायचं म्हणून तो गेला होता, तिथेच मी त्याला परत पाठवलं होतं.

दोन रविवार तुळिंजमध्ये हिंडलो. भाजी मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत वॉचमन दिसला की त्याचं गाव आणि गुडघ्याचा पट्टा सांगून विचारायचं. नेपाळी वॉचमन एकमेकांना ओळखतात. एकाने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. दुसऱ्या रविवारी दुपारी एका पाच मजली बिल्डिंगच्या जिन्याखाली तो खुर्चीवर बसलेला सापडला. केस पिकले होते. त्याने मला लगेच ओळखलं.

“वसईवाले साब.”

मी उभाच राहिलो. “पाचूबंदर,” म्हणालो. “वसईतलं पाचूबंदर. कोळीवाडा. ते बोंबील माझे होते. मी भाजले होते.”

“पता है,” तो म्हणाला. “वास आल्यावरच कळलं. इतना अच्छा बोंबील हमारे उधर कहाँ?”

“मग बोलला का नाहीस?”

“आप मेहमान थे. मला वाटलं, तुम्ही बोलाल. आज नाही तर उद्या. उतरताना बोलाल.” मग त्याने खांदे उडवले. “बाद में बोलता तो कौन मानता? मीच धूप घालत होतो ना.”

माझ्यासाठी घालत होतास, हे मी म्हणू शकलो नाही. त्यालाही माहीत होतं, मलाही.

आयने त्याच्यासाठी बोंबील दिले होते. मी पुडकं पुढे केलं. त्याने उघडून वास घेतला आणि पहिल्यांदा हसला. “इथे भाजले तर सेक्रेटरी मला काढेल, साब. या बिल्डिंगमध्ये मच्छीचा वास चालत नाही.” मग ते पुडकं मीटरच्या पेटीवर, उंदीर पोचणार नाही असं वर ठेवलं.

मी माफी मागायला लागलो. त्याने हात वर करून थांबवलं. “मला सांगून काय, साब? मला तर माहीतच होतं. तिला सांगा.”

त्याने स्वतःचा फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. रिंग वाजत होती. त्या बिल्डिंगमधली एक बाई भाजीची पिशवी घेऊन आमच्या मधून जिना चढून गेली. मग दिदींचा आवाज आला. मी नाव सांगितलं, ग्रुप सांगितला, आणि म्हणालो, “दिदी, उस दिन आपके चूल्हे पर मछली मैंने जलाई थी. इसने नहीं. यह तो साफ कर रहा था. मैं सामने बैठा था और चुप रहा.”

फोन कटला असं वाटून मी स्क्रीन बघितली. सेकंद पुढे सरकत होते. मागे कुठे तरी भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि ती चूल, ती पितळी भांडी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

“उसको दो,” त्या म्हणाल्या.

मी फोन दिला. तो जिन्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यांच्या बोलीत बोलला. बोलला म्हणजे ऐकतच होता. मधून एखादा हुंकार, एखादा शब्द. मला काही कळत नव्हतं आणि कळावं असा माझा हक्कही नव्हता. एकदा त्याने वाकून गुडघ्यावर हात फिरवला. बराच वेळ गेला. त्याने फोन खिशात ठेवला, आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“गुडघ्याचं विचारलं. औषध लावतो का म्हणून.”

“वर ये म्हणाली?”

“ते नाही बोलली.” त्याने खुर्ची भिंतीला सरकवली. “घोंगडी ठेवली आहे म्हणाली. उंदरांनी एक कोपरा खाल्ला.”

मला विचारायचं नव्हतं, तरी तोंडून गेलं. “आणि माझ्याबद्दल?”

“तुमच्याबद्दल काही नाही विचारलं, साब.”

वरच्या मजल्यावरून कोणी तरी ओरडलं, पाणी, वॉचमन, पाणी. त्याने खुर्चीखालची किल्ली उचलली. “चला साब, मोटर लावायची आहे,” म्हणाला, आणि लंगडत मागच्या बाजूला गेला.